टबातलं काळं पाणी

पाणी आधी पिवळसर झालं, मग विटकरी, मग काळपट. वर फेस धरला. हॉलभर खुर्च्या मांडल्या होत्या, तरी कुणी बसायला तयार नव्हतं. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंच करून एका पांढऱ्या प्लास्टिकच्या टबाकडे बघत होती. टबात पाय सोडून बसले होते कोपऱ्यावरच्या दुकानातले म्हातारे शिंपीकाका.

"बघा, डोळे उघडून बघा!" पांढऱ्या कपड्यांतला माणूस म्हणाला. "हे पिवळं दिसतंय ते मूत्रपिंडाचं. विटकरी आहे ते सांध्यांचं. आणि हे काळं..." तो थांबला. कुठे थांबायचं हे त्याला छान कळत होतं. "हे काळं यकृतातलं. जन्मभर साचलेलं विष. काका, तुमच्या पोटात गटार होतं, गटार!"

शिंपीकाकांनी अपराध्यासारखी मान खाली घातली. पाय पुसून उठले तेव्हा मात्र म्हणाले, "हलकं वाटतंय हो!" आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी दारात उभी होते. एका रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नमुने तपासते. सुट्ट्यांच्या दिवसांत रजा टाकून मुलांच्या शिबिरात विज्ञानाचे प्रयोग घ्यायला जाते, हौसेने, बिनपगारी. मुलं मला प्रयोगताई म्हणतात. शिबिर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भरायचं. खालचा हॉल मागेल त्याला भाड्याने मिळायचा, आणि त्या आठवड्यात तो या माणसाला मिळाला होता. 'जलवैद्य' ही पदवी त्याची त्यानेच स्वतःला बहाल केली होती. वरच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं: टबबाबा.

"साखरेचं पण निघतं का हो यातून?" माझ्या शेजारून आवाज आला.

ती भिंगरीची आई होती. भिंगरी ही आमच्या शिबिरातली आठ वर्षांची पोर. एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून हे नाव. तिला पाच वर्षांची असल्यापासून मधुमेह. मोठ्या माणसांचा असतो तसा गोळ्यांवर भागणारा नाही. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, ते दिवसातून चार वेळा सुईनेच द्यावं लागतं.

जलवैद्याने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. "ताई, साखर हे नुसतं लक्षण. मूळ आहे विष. विष गेलं की साखर आपल्या पायांनी जाते. पण एक सांगा, नळ चालू ठेवून फरशी पुसली तर कोरडी होईल का?"

"नाही."

"मग रोज सुयांनी आत औषध ढकलायचं आणि इकडे मी विष काढायचं, कसं जमणार?"

लोक हसले. भिंगरीची आई हसली नाही. तिचा चेहरा असा झाला होता, जणू बंद खोलीत कुणीतरी अचानक खिडकी उघडली.

जिन्यात मी तिला गाठलं. "ताई, त्या टबात लोखंडाच्या पट्ट्यांची एक डबी सोडलीय त्याने. वीज जोडलीय. ते विष नाही, गंज आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझं कामच आहे ते. आणि इन्सुलिन थांबवणं म्हणजे..."

"तुमची मुलगी आहे का हो?" तिने मला मध्येच तोडलं. आवाज चढला नव्हता. "झोपेतून उठवून टोचावं लागतं तिला. ती रडते, मग मी रडते. तीन वर्षं. तुम्ही प्रयोग करा वर." आणि ती निघून गेली.

मी दुसऱ्या दिवशी वर प्रयोगच केला. काचेचे ग्लास, पाणी, दोन खिळे, एक बॅटरी. आधी साध्या पाण्यात करून पाहिलं, फारसं काही होईना. मग प्रत्येकाने चमचाभर मीठ टाकलं आणि गंमत सुरू झाली. एका खिळ्याभोवती बुडबुडे, दुसऱ्यापासून पिवळट, मग तपकिरी ढग. कुणीतरी डब्यातलं गाजर ग्लासात उभं केलं. "टबबाबा, आमच्या गाजराच्या यकृतात काय आहे?" खोलीभर हशा. सगळ्यात मोठ्याने भिंगरी हसली. मुलं घरी जाऊन सांगतील आणि प्रश्न मिटेल, असं मला वाटलं. मोठी माणसं मुलांचं इतक्या सहज ऐकत असती तर काय हवं होतं!

त्यानंतर दोनच दिवसांनी भिंगरी गप्प झाली.

सकाळपासून ती पाणी पीत होती. बाटली संपली की पुन्हा भरायची, प्यायची, बाथरूमकडे पळायची. मग पळणंही थांबलं. आम्ही कागदाची विमानं उडवत होतो, आणि ती कोपऱ्यातल्या सतरंजीवर पोट धरून आडवी झालेली. मी जवळ गेले तशी तिला उलटी झाली. तोंड पुसायला वाकले आणि जागीच थिजले. तिच्या श्वासाला वास येत होता. गोडसर, उग्र. कारखान्यात पिंपांचं झाकण काढलं की अंगावर येणारा, नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा वास. इन्सुलिनवाचून शरीर स्वतःचीच चरबी जाळायला लागलं की रक्तात आम्ल साठतं आणि श्वासाला हा वास येतो, एवढं मला माहीत होतं.

"बाळा, सुई घेतलीस ना आज?"

ती छताकडे बघत राहिली.

"भिंगरी?"

"आई म्हणाली, सांगायचं नाही." मग हळूच, "काल माझं पाणी सगळ्यांपेक्षा काळं झालं. आई किती खूश झाली."

मी ओरडूनच शिबिराच्या प्रमुखांना हाक मारली. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. जन्म शाळा चालवण्यात गेलेला. त्यांनी एकही प्रश्न न विचारता फोन उचलला आणि रुग्णवाहिका बोलावली. "आई कुठाय तिची?" त्यांनी विचारलं. एक मुलगी म्हणाली, "खाली. टबबाबाकडे."

भिंगरीला उचलून मी जिना उतरले. ती अंगाने कोरडी, गरम, आणि श्वास असा खोल खोल घेत होती की जणू नुकतीच धावून आली असावी. हॉल गच्च भरला होता. आईने आम्हाला पाहिलं आणि लेकीला माझ्या हातातून ओढूनच घेतलं.

"रुग्णवाहिका येतेय," मी म्हणाले. "हिला आत्ताच्या आत्ता इन्सुलिन हवंय, सलाईन हवंय."

"ओकली का?" जलवैद्याने विचारलं.

"हो."

"अहाहा!" त्याने हात जोडले. "निघालं! ताई, घाबरू नका. विष जाताना झटका देतंच. हीच परीक्षेची वेळ. आता सुई दिलीत तर सगळं उलटं आत जाईल, मग मी जबाबदार नाही."

"तुम्ही आत्ताही जबाबदार नाही, आणि उद्याही नसाल!" मी म्हणाले.

"अहो, आई आहे ती, तिला ठरवू द्या," मागून कुणीतरी बोललं. "शिकलेल्या बायकांना फार कळतं," दुसरं कुणीतरी. माणसं पुढे सरकली. दाराकडची वाट बुजली. आईने भिंगरीला छातीशी असं धरलं होतं की तिच्याकडून ती काढून घेणं शक्य नव्हतं. रुग्णवाहिका येऊनही ती बाई लेकीला सोडणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं.

"ठीक आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "हे यंत्र अंगातलं विष काढतं ना? मग कुणाचेही पाय न घालता चालू करा. पाणी स्वच्छ राहिलं तर मी माफी मागून निघून जाते."

"यंत्राला देह लागतो," तो चटकन म्हणाला. "रिकामं चालवलं तर जळतं. अपमान होतो त्या शक्तीचा."

"जळतं की अपमान होतो? एक काय ते ठरवा," मोठ्या बाई जिन्यावरून म्हणाल्या. त्यांच्यामागे कठड्याला मुलं चिकटली होती.

भिंगरीची आई माझ्याकडे बघत होती. मग त्याच्याकडे. "करा," ती म्हणाली. एवढंच.

मी कोरा टब ओढला, बादलीतलं पाणी ओतलं, पट्ट्यांची डबी सोडली, बटण दाबलं. त्याने माझा हात धरायचा प्रयत्न केला, पण शिंपीकाका मध्ये आले. "बघू तरी द्या," ते पुटपुटले.

सगळे टबावर वाकले. पाणी स्वच्छ. आणखी थोडा वेळ गेला. स्वच्छच. तळाचा पांढरा रंग लख्ख दिसत होता. कुणीतरी खुदकन हसलं. जलवैद्याच्या चेहऱ्यावर रंग परतला. "पाहिलंत? देह नाही, तर विष नाही. आता बाजूला व्हा बाई, पोरीला बसवू द्या टबात."

काय चुकलं? वायर? बटण? डोकंच चालेना. बाहेर अजून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येत नव्हता.

"ताई..." आवाज इतका बारीक होता की आधी कळलंच नाही कुणाचा. आईच्या खांद्यावरून भिंगरीने डोळे किलकिले केले होते. "ताई, मीठ... टाकलंच नाहीस."

मीठ! घाईत विसरलेच होते. त्याच्या टेबलावर एक चांदीसारखी डबी होती. तिच्यातली 'मंतरलेली पूड' तो प्रत्येकाच्या टबात सोडायचा. मी डबी उचलली, चिमूट जिभेवर ठेवली आणि डबी शिंपीकाकांपुढे धरली. त्यांनीही चाखली. "मीठच की!" ते म्हणाले. मी मूठभर मीठ पाण्यात टाकलं.

आधी बुडबुडे आले. मग पट्ट्यांच्या डबीच्या कडेने एक पिवळी रेघ निघाली, पसरली, विटकरी झाली. फेस चढला. बघता बघता तळ दिसेनासा झाला. टबात कुणाचा पाय नव्हता.

वाकलेली माणसं एकेक पाऊल मागे सरकली.

"हे कुणाच्या अंगातलं?" भिंगरीच्या आईने विचारलं. तिने ते जलवैद्याला विचारलं होतं. त्याने घाईने यंत्राचं बटण बंद केलं. तिने पुन्हा विचारलं, या वेळी किंचाळून, "सांगा ना, हे कुणाच्या अंगातलं?"

तेवढ्यात भोंगा वाजला आणि वाट आपोआप मोकळी झाली. स्ट्रेचरवर लेकीला ठेवताना आईनेच सांगितलं, कुणी न विचारता, "परवापासून इन्सुलिन दिलेलं नाही. मी बंद केलं." ते सांगायला काय लागलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. पण त्या एका वाक्याने डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचला.

मोठ्या बाईंनी मागे राहून लोकांना सगळं समजावलं, हे मला नंतर कळलं. डबीत लोखंडाच्या दोन पट्ट्या. साध्या पाण्यातून वीज जेमतेम जाते, मिठाच्या पाण्यातून सरसर जाते. वीज गेली की लोखंड झिजतं आणि एरवी महिन्याभरात चढणारा गंज काही मिनिटांत पाण्यात उतरतो. बुडबुड्यांवर तरंगतो तो फेस. मीठ जास्त, तर पाणी जास्त काळं. ज्याला भीती मोठी, त्याच्या टबात मूठ मोठी. "पण माझे गुडघे खरंच हलके झाले होते," शिंपीकाका म्हणाले. "काका, कोमट पाण्यात पाय सोडून बसलं की कुणालाही बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "घरी बसा, रोज बसा. फक्त डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडू नका." जलवैद्य या सगळ्या गडबडीत मागच्या दाराने पसार झाला. तरीही दोघं-तिघं त्याचा फोन नंबर विचारत होती, हेही सांगायला हवं. एका प्रयोगाने सगळं गाव शहाणं होत नाही.

इस्पितळात भिंगरीची आई आणि मी बाकावर बसून होतो. उजेड जाईपर्यंत कुणी काही सांगेना. मग एक तरुण डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली, "आता धोका टळलाय. आणखी उशीर झाला असता तर मी हे सांगू शकले नसते."

भिंगरीची आई बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मी मूर्ख आहे, असंच वाटत असेल ना तुम्हाला?"

"नाही. तुम्ही दमला होतात."

"बँकेत काम करते मी. लोकांच्या खोट्या सह्या ओळखते. आणि याला ओळखू शकले नाही." तिने डोळे पुसले. "मला खरं वाटावं असंच वाटत होतं हो."

दुसऱ्या दिवशी ती पोलिसांत गेली. एकटी गेली, आपली चूक आधी सांगितली आणि मग त्याची. त्याला पकडलं तेव्हा तो दुसऱ्या वस्तीत नव्या नावाने टब मांडून बसला होता.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या अंगणातही असा कुणीतरी येईल. टब असेल, राख असेल, अंगठी असेल, नाहीतर चकचकीत यंत्र असेल. तो तुमचं अज्ञान शोधत येत नाही, तुमचा थकवा शोधत येतो. म्हणून थकलेल्या माणसाला हसू नका, त्याच्याजवळ बसा. आणि चमत्कार दिसला की फक्त एवढं विचारा: माझ्यावाचून हे होतं का? मी नसताना करून दाखवा. खरा उपचार असा प्रश्न ऐकून चिडत नाही, तो तपासून घ्यायला तयार असतो. चिडतो तो भोंदू. आणि चालू असलेलं औषध थांबवावंसं वाटलं, तर ते ज्या डॉक्टरने सुरू केलं त्यालाच आधी विचारा. विचारायला लाज वाटली तरी विचारा. लाजेने कुणी मरत नाही.