ढावलोवरचं पाणी

लग्नाच्या व्हिडिओत कोणी रडताना दिसलं की व्हिडिओवाल्या पिंटूचा हात आपोआप रिपल इफेक्टवर जायचा. रडकी तोंडं कोणाला पाहायची असतात, असं त्याचं ठाम मत. मग चेहरा पाण्यात पडल्यासारखा लहरायचा, मूळ आवाज बंद व्हायचा आणि वर सनई वाजायची. ढाणकीत त्याच्या या कामाला नाव होतं. बंजारा तांड्यावरच्या बबिताच्या लग्नातही त्याने पाठवणीची अकरा मिनिटं अशीच लहरवली आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्या लग्नाला गेला.

दोन महिन्यांनी बबिता एकटीच त्याच्या दुकानात आली. तिने पाठवणी लावायला सांगितली. पडद्यावर तिची आई हंसाबाई तिला कवटाळून उभी होती, पण दोघींचे चेहरे लाटांत फुटत होते.

"हे पाणी काढा न भाऊ," ती म्हणाली. "अन् सनई बंद करा. मले याडीचा, माह्या मायचा आवाज पायजे."

"आता निघत नाही, ताई. मूळ व्हिडिओ पुसला. रडणंच तर होतं ते."

"रडणं नाही, ढावलो होता. आमच्यात सासरी जाणाऱ्या पोरीले माय जे सांगायचं ते गाऊन सांगते."

ते गाणं आहे हे पिंटूला कळलंच नव्हतं. अकरा मिनिटं तो कॅमेरा धरून समोर उभा होता.

"मंग याडीलेच इचारा ना," तो कसाबसा म्हणाला.

"याडी गेली मागच्या सोमवारी. अन् पाठवणीच्या वक्ती मी इतकी रडून राह्यलती, का मले एक शब्द ऐकू आला नाही. म्हटलं, व्हिडिओत ऐकीन."