वाळूच्या दांड्यावर

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांनी मिळून त्यांना एक सहल भेट दिली. समुद्रातलं बेट, बेटावर रिसॉर्ट, आणि राहणं, खाणं, फिरणं सगळं त्यातच आलेलं. पाकीट उघडलं तर आत दोघांचं बुकिंग. "एकट्या कशाला जाल? न्या कुणाला तरी सोबत," मोठे सर्जन म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कुणाला तरी म्हणजे नक्की कुणाला, हे कोडं सिस्टरांना घरी आल्यावर पडलं.

वडील लवकर गेले. धाकट्या बहिणीचं आणि भावाचं शिक्षण, मग त्यांची लग्नं, मग आईचं अंथरुण, या सगळ्यात सिस्टरांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. घरी त्या सगळ्यांच्या ताई, हॉस्पिटलात सगळ्यांच्या सिस्टर. दोन्हीकडे माणसं हक्काने हाक मारायची आणि त्याही हाकेसरशी धावायच्या. आपण होऊन कुणाला हाक मारायची मात्र सवयच नव्हती. त्यामुळे बहिणीला फोन लावताना त्यांना उगाचच अवघडल्यासारखं झालं.

"अय्या, समुद्र! मजा आहे बाई तुझी," धाकटी म्हणाली. "पण ताई, मला कसं जमणार गं? पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. पुढच्या वर्षी असतं ना, तर उडी मारून आले असते."

भावाच्या कामावर तपासणीची माणसं येणार होती. वहिनीला बोट लागते. थिएटरमधली जुनी मैत्रीण गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडून होती. प्रत्येकाचं कारण खरं होतं, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर निदान चार दिवस अबोला तरी धरता आला असता.

शेवटी सिस्टर एकट्याच निघाल्या.

रिसॉर्टवर पोचल्या पोचल्या मनगटावर निळी पट्टी बांधली गेली. ती दाखवली की कुठेही जा, काहीही खा, कुणी हिशेब विचारणार नाही. खोली सुरेखच होती. समोर समुद्र आणि मध्ये एवढा मोठा पलंग, की त्यावर हॉस्पिटलातले तीन पेशंट आडवे झाले असते. पलंगावर टॉवेलांचे दोन हंस माना एकमेकांना टेकवून बसवलेले. कपाटात दोन गाऊन, न्हाणीघरात दोन ब्रश, दाराशी सपातांचे दोन जोड. सिस्टरांनी एका हंसाची घडी मोडली आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेल्या. बाहेर येऊन पाहतात तर दुसरा हंस मान वाकडी करून बसलेला. त्याला तसा बघवेना, म्हणून त्याचीही घडी मोडली.

जेवणाच्या दालनात वाढणारा खुर्ची ओढून देताना रोज विचारायचा, "अजून कुणी येतंय, मॅडम?" सिस्टर मान हलवायच्या. मग तो समोरची ताटली, काटे-चमचे, पेला असं सगळं उचलून न्यायचा. ते तो अगदी हलक्या हाताने करायचा. पण तेवढा वेळ आजूबाजूच्या टेबलांवरच्या नजरा आपल्यावर खिळल्यात, असं सिस्टरांना वाटत राहायचं. खरं तर कुणीही बघत नव्हतं. बायका नवऱ्यांच्या ताटातलं तळलेलं काढून घेत होत्या, आज्या नातवंडांच्या मागे घास घेऊन फिरत होत्या. सिस्टर टरबुजाच्या फोडी घ्यायच्या, आम्लेट घ्यायच्या, आणि थिएटरच्या सवयीने चार घासांत जेवण उरकून उठायच्या. उठल्यावर लक्षात यायचं, की आता पुढे जाऊन करायचं काहीच नाही.

बोलायला माणसं नव्हती असं नाही. तोंडावर हसू ठेवून 'गुड मॉर्निंग' म्हणणारी पावलोपावली होती. पण त्यांचं हसू मनगटावरच्या पट्टीला असायचं.

तिसऱ्या दिवशी वाळूच्या दांड्यावर सहल निघाली. समुद्रात बरंच आत, ओहोटीला उघडा पडणारा एक पांढरा पट्टा होता. त्याच्या एका टोकाला काळ्या खडकांचा उंचवटा आणि चार झुडपं. तिथे नेतात, तोंडाला नळी लावून पाण्याखालचे मासे दाखवतात, थंड सरबत पाजतात आणि परत आणतात. सिस्टरांना पोहता येत नव्हतं. पण खोलीत बसून भिंती किती वेळ बघणार? त्याही गेल्या.

दोन बोटी भरून माणसं होती. एक गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस सगळ्यांना सूचना देत होता. दांड्यावर उतरल्यावर पोरं पाण्यात घुसली, जोडपी फोटो काढायला लागली. एका बाईने सिस्टरांच्या हातात आपला फोन दिला. "आमच्या सगळ्यांचा काढाल का?" सिस्टरांनी काढला. मग दुसऱ्या कुटुंबाचा, मग तिसऱ्याचा. 'आता तुमचा काढू का' असं कुणी म्हणेल म्हणून त्या जरा रेंगाळल्याही. मग छत्रीच्या सावलीतून उठून पाण्याच्या कडेकडेने चालत खडकांपाशी गेल्या. खडकाच्या पलीकडच्या अंगाला गार सावली होती. पायाला पाणी लागत होतं, वारा होता. पाठ टेकली आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती इंजिनाच्या आवाजाने. सिस्टर उठून खडकाला वळसा घालून आल्या, तर दोन्ही बोटी पाण्यात चांगल्या लांब गेलेल्या.

"अहो! अहो, थांबा! मी राहिले!"

आवाज वाऱ्याने मागच्या मागे नेला. त्यांनी ओढणी काढून हलवली. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत आत गेल्या. बोटी बारीक होत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

आधी त्यांना हसू आलं, मग संताप. थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी कापसाचा बोळा न् बोळा त्या मोजून घ्यायच्या. मोजणी जुळेपर्यंत सर्जनलाही टाका घालू द्यायच्या नाहीत. आणि इथे अख्खी बाई मागे राहते! येतील परत. रिसॉर्टवर उतरताना कळेलच, की एक माणूस कमी आहे. शेजारी बसलेली बाई म्हणेल, 'अहो, त्या फोटो काढणाऱ्या मावशी कुठायत?'

एक छत्री वाळूत तशीच राहिली होती. तिच्याखाली बसून त्यांनी वाट पाहिली. पिशवीत अर्धी बाटली पाणी होतं, ते पुरवून पुरवून प्यायल्या. फोन पाण्यात भिजेल म्हणून खोलीतच ठेवला होता.

हळूहळू भरती लागली. दांडा अरुंद व्हायला लागला. सिस्टरांनी छत्री उपटायचा प्रयत्न केला, ती हलेना. मग तिला तिथेच सोडून त्या खडकांवर चढल्या. हातपाय गाळण्यातल्या त्या नव्हत्या. पाण्याची रेघ कुठवर येते हे खडकावर वाळलेल्या शेवाळावरून दिसत होतं. तिच्या वर बसलं तर बुडणार नाही, एवढं त्यांनी ताडलं. जिवाची भीती म्हणून फार नव्हती. भीती दुसरीच होती, आणि ती बसल्या बसल्या अंगात शिरली. कोण विचारेल? रात्री आपण जेवायला गेलो नाही तर तो वाढणारा समजेल, खोलीत मागवलं असेल. सकाळी खोली झाडायला येणारी समजेल, फिरायला गेल्या असतील. बहीण समजेल, मजेत आहे, फोन कशाला करायचा? आपण नाही, हे कळायला कुणाचं तरी आपल्यावाचून अडायला हवं. आणि आता कुणाचंच काही अडत नव्हतं.

त्या रडल्या नाहीत. ओढणी डोक्यावरून घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

ऊन कलायला लागलं तशी लांबवर एक बोट दिसली. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. त्या उभ्या राहिल्या, पण हात हलवला नाही. येतेच आहे की आपल्यासाठी. बोट दांड्याला लागली. एकटा बोटवाला होता, केस पिकलेला. तो उडी मारून उतरला आणि खडकांकडे न बघता तरातरा छत्रीकडे गेला. तिच्या बुडाला आता पाणी लागलं होतं. त्याने ती हिसडे देऊन उपटली, मिटली आणि खांद्यावर टाकून परत फिरला.

"अहो भाऊ!" सिस्टर ओरडल्या.

तो जागच्या जागी थिजला. छत्री खांद्यावरून घसरली. "अहो... तुम्ही? तुम्ही इथे कशा?"

म्हणजे तो छत्रीसाठीच आला होता.

त्याने त्यांना हात धरून बोटीत बसवलं, पाणी दिलं, स्वतःचा कोरडा टॉवेल पाठीवर टाकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खरं सांगा," सिस्टर म्हणाल्या. "माझी चौकशी केली का कुणी?"

बोटवाल्याने वळून पाहिलं. खोटं सांगावं असं त्याच्या मनात येऊन गेल्याचं दिसलं. "नाही," तो म्हणाला. "शिट्टीवाल्याने विचारलं, सगळ्यांनी आपापली माणसं बघून घ्या, आलीत का? सगळ्यांनी आपापली बघितली. आलीत म्हणाले. आम्हाला वाटलं तुम्ही त्या बोटीत, त्यांना वाटलं आमच्या." थोड्या वेळाने म्हणाला, "माझीही चूक आहे. मी सांगेन तसं मॅनेजरबाईंना."

मॅनेजरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर बोलावले, सरबत आलं, माफीवर माफी झाली. "मॅडम, तुम्हाला समुद्रावरची मोठी खोली देते. मसाज घ्या. पुढच्या वर्षी आमच्याकडून परत या, दोघं या."

"खोली पुरे आहे मला," सिस्टर म्हणाल्या. "एक करा. माणसं मोजायची तर नाव घेऊन मोजा. आपापली बघा म्हणून सोडू नका. सगळ्यांनाच आपापली नसतात."

बाईंनी मान खाली घातली. "करते. आणि तुमच्यासाठी काय करू?"

सिस्टरांना एकदम सुचलं, आणि सुचल्याची लाजही वाटली. जन्मात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "रोज सकाळी माझ्या खोलीत फोन करा. मी आहे का, एवढंच विचारा."

"कितीला उठवायचं?"

"उठवायचं नाही हो. उठलेलीच असते मी. नुसतं विचारायचं."

मॅनेजरबाईंना ते कितपत कळलं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. स्वागतकक्षातल्या मुलीचा आवाज, जरा गोंधळलेला. "मॅडम, आहात ना?"

"आहे," सिस्टर म्हणाल्या. बाकी काही बोलायचं नव्हतं. तरी तो फोन ठेवल्यावर त्यांनी खिडकीचे पडदे सरकवले, चहा करून घेतला आणि पहिल्यांदाच सावकाश, फुंकर घालत प्यायल्या. उरलेले दिवस त्या बेटावरच हिंडल्या. बोटीत मात्र परतीच्या दिवशीच बसल्या. त्या दिवशी शिट्टीवाला हातात यादी घेऊन एकेकाचं नाव पुकारत होता. सिस्टरांचं नाव त्याने जरा जास्तच मोठ्याने घेतलं.

घरी आल्यावर धाकटीचा फोन आला. "काय मग ताई, काळी झालीस का? फोटो पाठव ना."

"माझे फोटो नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "कुणी काढले नाहीत." आणि मग, खरं तर काही सांगायचं नाही असं ठरवून ठेवलं असताना, त्यांनी सगळं सांगितलं. खडक, भरती, छत्री. शेवटी नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी यायला हवं होतं गं."

"परीक्षा होती की पोरीची."

"तरी. मी करत जाईन रोज फोन. सकाळीच."

तिने केला. एक-दोन आठवडे नेमाने केला. मग एक दिवस चुकला. सिस्टरांनी स्वतःला समजावलं, असेल कामात. दुसऱ्या दिवशीही फोन आला नाही. त्यांनी घर आवरलं, भाजी निवडली, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढलं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बघितलं. शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला तरी डबा विसरल्याबद्दल ओरडत होतं. एरवी त्या म्हणाल्या असत्या, जाऊ दे, त्यांचा संसार त्यांना. आज मात्र त्यांनी फोन उचलला.

"आज केला नाहीस. कालही नाही."

"अगं ताई, काय सांगू, सकाळपासून नुसती धांदल—"

"असू दे धांदल. धांदलीतच कर. आहेस का म्हण आणि ठेवून दे. पण कर." स्वतःचा आवाज ऐकून त्यांना नवल वाटलं. तो जरा चिरकाच लागला होता.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी 'आई' म्हणून हाक मारली, धाकटीने 'थांब गं' म्हटलं. मग ती फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "आहेस का गं?"

"आहे," सिस्टर म्हणाल्या. "जा, कुकर बंद कर."