शकुंतलाबाईंची नापसंती

शकुंतलाबाईंनी आजवर एकतीस सोयरिकी जुळवल्या होत्या आणि त्यांतली एकही मोडली नव्हती. त्यांची पद्धत आजूबाजूच्या गावांत सगळ्यांना ठाऊक होती. मुलाकडच्यांनी बोलावलेल्या दिवशी त्या कधीच जायच्या नाहीत. दोन दिवस आधीच, न कळवता, "तहान लागली जी, घोटभर पाणी द्या," म्हणत दारात उभ्या राहायच्या. पाणी कोण आणून देतं, सासू सुनेला कशी हाक मारते, शेजारीण काय सांगते, हे सगळं पाहून, ऐकून घरी यायच्या. जे घर विचारलेलं सगळं मोकळेपणानं सांगेल ते पसंत. काही झाकलं, की बाद.

म्हणून भाची तृप्ती एके सकाळी म्हणाली, "आत्या, साकोलीले एक समुपदेशक मॅडम आहेत म्हणतात. जाऊन पाहू का?" तेव्हा आत्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"चाल. पण विचारपूस मी करीन."

"आत्या, सोयरीक नाही जुळवायची."

"मंग काय करायचं आहे? परक्या बाईच्या हाती पोरगी देऊन राहिलो. सोयरीकच झाली ना वो!"

आत्यांचं काही चुकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अशी विचारपूस कुणीच केली नव्हती. तृप्ती तेव्हा नागपूरला डी.एड. करत होती. आई गेली आणि तिची झोप उडाली. मैत्रिणीनं एका समुपदेशकाचं नाव सांगितलं. माणूस बोलायला गोड होता. पहिले दोन महिने त्यानं नीट ऐकून घेतलं, म्हणून तृप्तीनं त्याला सगळं सांगितलं. आईच्या दुखण्यात बाबांनी उशीर केला, म्हणून बाबांचा राग येतो, हेसुद्धा. मग दाराला आतून कडी लागू लागली. मग त्यानं हात धरायला सुरुवात केली आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. "हा उपचाराचाच भाग आहे, बाहेर बोललीस तर गुण येणार नाही," असं तो सांगायचा. तृप्तीनं जाणं बंद केलं, तेव्हा त्यानं गोपाळरावांना, म्हणजे तिच्या बाबांना, फोन केला. पोरीचं डोकं ठिकाणावर नाही म्हणाला आणि तिनं त्या खोलीत सांगितलेलं सगळं तिखटमीठ लावून ऐकवलं.

गोपाळराव दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते आणि आत्या तृप्तीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तक्रार झाली, आता खटला चालू होता. तिथं जे सांगायचं ते तृप्तीनं सांगितलं होतं. पण मनाच्या तळाशी अजून बरंच काही होतं आणि ते कुणाच्या हाती द्यावं हे तिला कळत नव्हतं. सकाळी गावातली बारकी पोरं तिच्या ओसरीवर पाढे म्हणायला जमत, तेवढा वेळ ती आनंदात असे. पोरं गेली की पुन्हा गप्प.

हर्षा मॅडम साकोलीत एका दवाखान्याच्या वरच्या माळ्यावर बसत. पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा कपाळावर चढवलेला. आत्यांनी खुर्चीत बसल्याबरोबर सुरुवात केली.

"मॅडम, माहेर कोणतं जी?"

"आंबागड."

"आंबागडात कोणाच्या?"

"किल्ल्याकडच्या रस्त्याला शेवटचं घर. वडील वनखात्यात मजूर होते."

"सासू आहे?"

"आहे की. माझ्या हातची भाजी सोडून बाकी सगळं तिला आवडतं."

आत्या खूश झाल्या. लेकरं किती, शिक्षण कुठं झालं, इथं किती वर्षं झाली, मॅडमनी सगळं सांगितलं. भिंतीवरचं नोंदणीचं प्रमाणपत्र काढून आत्यांच्या हातात दिलं. आत्यांनी ते उलटसुलट करून मागची बाजूही पाहिली. तृप्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता तुम्ही विचारा," मॅडम तृप्तीला म्हणाल्या.

तृप्तीकडे एकच प्रश्न होता. "मी इथं बोललेलं कुठं जाते?"

"कुठंही नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र मला गप्प बसता येणार नाही. पण तेही शक्यतो आधी तुम्हाला सांगून. मी माझ्या एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंना कामातल्या अडचणी विचारते, तिथं तुमचं नाव घेत नाही." मग त्यांनी एक छापील कागद पुढं केला. "माझं काही चुकलं, तर कुठं तक्रार करायची ते यात आहे. हा मी पहिल्याच दिवशी देते. दार उघडं ठेवायचं की लोटायचं, तेही तुम्हीच ठरवा."

ऐकायला सगळं बरं होतं. पण तोही गोडच बोलायचा.

"विचार करून सांगते," तृप्ती म्हणाली.

"अवश्य. नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. आणखी दोघींची नावं लिहून देते, त्यांनाही भेटून बघा."

परतीच्या बसमध्ये आत्यांनी निकाल दिला. "घर चांगलं आहे. सासूची गोष्ट कशी हसत सांगतली!"

तृप्ती दोनदा जाऊन आली. दार उघडं ठेवून बसली. पोरांच्या पाढ्यांबद्दल बोलली, धानाच्या मळणीबद्दल बोलली, आणि मुख्य गोष्ट गिळून परत आली. मॅडमनी एकदाही ओढून काढायचा प्रयत्न केला नाही. "आज मळणीचंच बोलू," म्हणाल्या.

आत्यांना मात्र दम निघेना. पोरगी त्या खोलीत काय सांगते? आपण शोधलेल्या घरात काय चाललं आहे ते आपल्याला कळू नये? एका मंगळवारी त्या बाजाराचं निमित्त करून एकट्याच साकोलीला गेल्या. पिशवीत नव्या चिन्नोरचा तांदूळ आणि लाखोळीची डाळ. दुपारी परत आल्या त्या पाय आपटतच.

"बाद!" त्या ओसरीवरूनच ओरडल्या. "ते घर बाद!"

"कोणतं घर?" तृप्ती आतून बाहेर आली.

"तुही मॅडम! गजब बाई आहे! मी म्हटलं, आमची तृप्ती काय म्हणते, झोपते का नाही, बापाचा राग गेला का नाही, थोडकसं सांगा. तं म्हणते कशी, त्या नावाचं कोणी माझ्याकडे येते का नाही, हेबी मी सांगू शकत नाही!"

"असं म्हणाली?"

"हो ना! म्या म्हटलं, अवो मॅडम, मी सोतानं घेऊन आली होती तिले. ह्याच खुर्चीत बसली होती. तं म्हणते, आत्याबाई, उन्हातून आल्या, पाणी घ्या. मी तीनदा विचारलं. तिनं तीनदा पाणी देल्लं! पोट डमरू झालं माहं!"

तृप्तीच्या ओठांचे कोपरे हलू लागले.

"मी रडून पाह्यलं. म्हटलं, बिना मायची पोरगी आहे, मीच तिची माय. तिचेबी डोळे भरले, पण तोंड काही उघडलं नाही. अन् जाताना तांदूळ परत! डाळबी परत! तिचं तुहं काही नातं नाही, तं तिनं एवढं झाकाव काहून?"

तृप्ती हसायला लागली. आधी तोंडावर हात घेऊन, मग हात काढून, मग ओसरीच्या खांबाला धरून. गोठ्यातून गोपाळराव धावत आले. दोन वर्षांत त्या घरानं असं हसणं ऐकलं नव्हतं. काय झालं ते न कळताच तेही हसू लागले.

"दात काय काढून राहिली, बह्याडे!" आत्या चिडल्या. "मी सांगते ना, जे झाकते ते घर खोटं!"

"आत्या," तृप्ती डोळे पुसत म्हणाली, "त्या माणसानं कोणी न विचारताच बाबाले सगळं सांगतलं होतं. तुमी तीनदा विचारलं, रडल्या, तरी हिनं काही नाही सांगतलं."

आत्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. गोपाळराव हसायचे थांबले आणि खाली बघत राहिले.

"बाबा," तृप्ती त्यांच्याजवळ गेली, "मले तिथं जाऊन तुमच्यावरबी बोलाव लागेल."

"बोल माय," गोपाळराव म्हणाले. "मनात आहे ते सगळं बोल. मले नको सांगू."

शुक्रवारी तृप्ती खुर्चीत बसायच्या आतच मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट तुम्हाला आधी सांगते. मंगळवारी तुमच्या आत्याबाई आल्या होत्या. त्यांनी काय विचारलं आणि मी काय बोलले, ते तुम्हाला माहीत असायला हवं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. तीन पेले पाण्यासकट. आत्यांनी सांगितलेल्यात आणि यांनी सांगितलेल्यात तांदळाच्या दाण्याएवढाही फरक नव्हता.

"त्या खूप रागावल्या का?" मॅडमनी विचारलं.

"बाद केलं तुमाले."

मॅडम मोठ्यानं हसल्या. तृप्तीही हसली. हसता हसता तिला जाणवलं, आपण केव्हापासून खुर्चीला पाठ टेकून बसलो आहोत.

मग ती बोलू लागली. आईच्या शेवटच्या आठवड्यापासून. मध्ये रडली, मध्ये थांबली, पाणी प्यायली. मॅडमनी घड्याळ पाहून हळूच विचारलं, "आज इथं थांबायचं?"

"थांबू. पण पुढच्या शुक्रवारी इथूनच पुढं सांगीन. लय बाकी आहे."

खाली दवाखान्याच्या बाकावर आत्या बसल्या होत्या. तिला पाहताच उठल्या, जवळ आल्या, मान पुढं केली.

"काय सांगतलं वो?"

"नाही सांगत."

आत्यांनी तिच्याकडे डोळे वटारले. मग तिच्या सुजलेल्या, पण लखलखणाऱ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.

"दोघीबी सारख्याच," त्या म्हणाल्या. "चाल, भूक लागली असन. तर्रीपोहा खाऊ. अन् पोह्यात तिखट किती पाहिजे, तेवढं तं सांगशीन?"