दादांचे विराम

दादा सकाळी रेडिओवर बोलू लागले की लोकांच्या हातातला चहा गार व्हायचा. त्यातही त्यांच्या विरामांचं फार कौतुक. वाक्य अर्ध्यात सोडून ते थांबत, बासरी हळूच वर येई आणि ऐकणाऱ्याला वाटे, माणूस किती खोल विचार करतोय. निवेदन शिकवणाऱ्या वर्गांत या विरामावर वेगळा तास असे, फीही वेगळी.

खरं काय ते काचेपलीकडच्या खुंटीला ठाऊक होतं. खुंटी म्हणजे आवाजाची बटणं सांभाळणारा तंत्रज्ञ. केंद्रातला जो तो आपलं काम त्याच्यावर टांगून जाई, म्हणून हे नाव. दादांची फुप्फुसं कित्येक वर्षं आजारी होती. दम लागला की ते टेबलावरचं बोट उचलत. खुंटी माइक बंद करून बासरी चढवी, आणि दादा तोंडाला पंप लावून, खांदे वरखाली करत श्वास गोळा करत. बोट खाली आलं की पुन्हा तोच मऊ आवाज.

"फायद्याचा आजार आहे," दादा म्हणत. "मला धाप लागते आणि लोकांना तत्त्वज्ञान वाटतं." पण त्यांनी खुंटीला बजावलंही होतं, "हे बाहेर बोलायचं नाही. कळलं, तर मी काय बोलतो ते सोडून लोक माझी धाप मोजत बसतील." खुंटीने शब्द दिला. तोंडाला कुलूप लावणं त्याला जड नव्हतं. तसंही त्याला कोणी काही विचारत नसे.

दादा गेले. पंधरवड्याने त्यांच्याच वेळेला आठवणींचा थेट कार्यक्रम ठेवला. माइकसमोर दादांच्या पत्नी, म्हणजे केंद्रातल्या सगळ्यांच्या वहिनी, आणि एक तरुण निवेदिका. निवेदिका विरामांवर भरभरून बोलत होती. वहिनी मान डोलवत होत्या. नवऱ्याने जन्मभर झाकलेलं बायको कशाला उघडं करेल?

मग एका निवृत्त शिक्षकाचा फोन आला. त्यालाही दादांचाच आजार होता. शब्दाशब्दाला तो अडखळत होता.

"दादा किती सहज बोलायचे. मला दोन शब्दांत धाप लागते. लोक तोंडाकडे बघत राहतात, म्हणून मी बोलणंच सोडलं. परवा मुलीचं लग्न आहे. बाबा, चार शब्द बोला म्हणते. शेजारीच बसलीय, तिनेच फोन लावून दिला. मी तिला नाही म्हटलंय. दादांची गोष्ट वेगळी..."

पुढे नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

खुंटीचा हात सवयीने बासरीच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला. वहिनी काचेतून त्याच्याकडे बघत होत्या. सांग म्हणाल्या नाहीत, नको असंही म्हणाल्या नाहीत. शब्द त्याने दिला होता, मोडायचा तर त्यानेच. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडू नये असं तो मनापासून मानत होता. पण इथे एक जिवंत माणूस दादांच्या उसन्या दमापायी गप्प बसला होता. खुंटीला आयुष्यात पहिल्यांदा दादांचा राग आला. तो उठला आणि आत जाऊन माइकसमोर वाकला.

"मास्तर, मी दादांचा तंत्रज्ञ. दादांनाही अशीच धाप लागायची. मी ती बासरीखाली झाकायचो. ते विराम म्हणजे तीच."

काचेपलीकडे केंद्राचे साहेब हातवारे करू लागले.

"खरं सांगता?" शिक्षकाने विचारलं.

"अगदी खरं," वहिनी म्हणाल्या. "घरी त्यांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत माझी भाजी चिरून व्हायची."

शिक्षक हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची धाप. निवेदिकेने बासरीची खूण केली. खुंटी जागचा हलला नाही.

"थांबा," शिक्षक म्हणाला. "दम घेतो."

"सावकाश घ्या," खुंटी म्हणाला. "आम्ही इथेच आहोत."

बराच वेळ घरोघरच्या रेडिओवर एका माणसाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तो पुन्हा बोलला, पण यांच्याशी नव्हे.

"पोरी, मी बोलणार आहे. वेळ लागेल."