गुल्लूचा उपास

दिवाळीनंतरच्या आठवड्यात गुल्लूनं खाणं सोडलं. आधी त्यानं जास्वंदीची फुलं नुसती हुंगली, मग बरसीम घासाच्या कोवळ्या पानांकडे पाठ फिरवली, आणि चार दिवसांनी पेटीतल्या वाळूत डोकं खुपसून तो पडून राहिला. लतिका रोज सकाळी ताटली उचलायची. पानं जशीच्या तशी, फक्त सुकलेली.

गुल्लू म्हणजे सांडा. वाळवंटात बिळं करून राहणारा, पालीसारखा पण जाडजूड, शेपटीवर काट्यांची कडी असलेला. तो लखनौच्या आलमबागेतल्या रेल्वे क्वार्टरमध्ये आला तो ऑगस्टात. चारबाग स्टेशनच्या बाहेर सांड्याच्या चरबीचं तेल विकणारा एक तेलवाला जिवंत सांडे मांडून बसला होता. पळू नयेत म्हणून हे लोक त्यांची कंबर मोडून ठेवतात. लतिकाचा नवरा विश्वास रेल्वेत इंजिनिअर. त्यानं जाऊन पोलिसाला बोलावून आणलं, तशी तेलवाला टोपली तिथंच टाकून पसार झाला. टोपलीत पाच सांडे होते. दोन दिवसांत चार मेले. पाचव्याचा मागचा उजवा पाय लुळा होता, पण तो खात होता. बारा वर्षांच्या वेदिकानं त्याचं नाव गुल्लू ठेवलं.

वनखात्याचे सुधीर सक्सेना येऊन पंचनामा करून गेले होते. हा प्राणी घरात पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाले, की मार्चमध्ये आमची गाडी राजस्थानात जाईल तेव्हा तिकडच्या केंद्रात याला पोचवू, तोवर मात्र आमच्याकडे याच्यासाठी उबदार जागा नाही. विश्वासनं कागदावर सही केली आणि गुल्लू मार्चपर्यंत या कुटुंबाच्या जबाबदारीवर राहिला. निघताना सक्सेनांनी दारात उभं राहून बजावलं होतं, "पत्ते, फूल, बस. अंडा नहीं, दूध नहीं, गोश्त तो बिलकुल नहीं."

नोव्हेंबरात विश्वासची नेमणूक दूर गोंडा शहराकडे रूळ बदलण्याच्या कामावर झाली. तो पंधरा दिवसांतून एखाद्या रविवारी घरी यायचा. घरात लतिका, वेदिका आणि न खाणारा गुल्लू.

लतिका मूळची साताऱ्याची. लहानपणापासून पाल दिसली की तिच्या अंगावर काटा यायचा. विश्वासनं टोपली घरात आणली तेव्हा ती दोन तास गॅलरीत उभी होती. पण तीन महिने रोज पानं खुडून, देठ काढून, बारीक चिरून घालता घालता तिला त्या जिवाची सवय झाली होती. तो पान चावताना डोळे मिटायचा. ते तिला आवडायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

डिसेंबर लागला तसं धुकं उतरलं. दुपारी बारापर्यंत समोरची क्वार्टर्स दिसायची नाहीत. गुल्लू दगडासारखा गार पडलेला असायचा. लतिका त्याच्या पाठीला बोट लावायची, मग कान जवळ नेऊन श्वास ऐकायचा प्रयत्न करायची. काही ऐकू यायचं नाही. कूस हलते का म्हणून ती तशीच बघत बसायची, आणि हलली असं वाटलं की उठायची. तासाभरानं पुन्हा यायची.

"मम्मी, वो मर तो नहीं जाएगा?" वेदिका शाळेत जाताना विचारायची. आई मराठीत बोलली तरी ती हिंदीतच बोलायची.

"नाही गं. थंडी आहे ना, म्हणून."

"पापा को क्या बोलेंगे?"

लतिकानं सक्सेनांच्या ऑफिसात दोनदा फोन लावला. साहेब दौऱ्यावर गेले होते. विश्वासला रेल्वेच्या फोनवरून गाठलं, तर खरखरीतून त्याचा आवाज आला, "अगं, बघ ना कुणाला तरी विचारून." विचारायचं कुणाला, हे तो सांगू शकला नाही.

शेजारच्या श्रीवास्तव भाभींनी मात्र न विचारता सांगितलं. पेटीत डोकावून त्या म्हणाल्या, "महीना भर से भूखा है बेचारा? अरे, अंडे की जर्दी दो, दूध में घोलकर. हमारे तोते को भी ऐसे ही बचाया था."

सक्सेनांचे शब्द लतिकाला आठवत होते. पण सक्सेना इथं नव्हते आणि गुल्लू इथं होता. वेदिका शाळेत गेल्यावर तिनं पेटीवर शंभर वॅटचा बल्ब टांगला. तासाभरानं गुल्लूनं डोळे उघडले. तिनं त्याला टॉवेलमध्ये धरलं, चमच्याच्या दांड्यानं अलगद तोंड उघडलं आणि ड्रॉपरनं दूध-अंडं सोडलं. थोडं बाहेर आलं, बरंचसं आत गेलं. त्या दिवशी तिला दुपारी झोप लागली, कितीतरी दिवसांनी.

तिनं वेदिकाला सांगितलं नाही. सक्सेनांचा नियम वेदिकानं वहीच्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता. दुसऱ्या दिवशी लतिकानं पुन्हा भरवलं, मग एक दिवस सोडून पुन्हा. वीज दिवसातून चार-पाच तास जायची. बल्ब विझला की पेटी परत गार व्हायची. तिला वाटायचं, पोटात काहीतरी आहे ना आता, निभावेल.

आठव्या दिवशी गुल्लूचं पोट फुगलं. नुसतं फुगलं नाही, टणक झालं. तो तोंड किंचित उघडं ठेवून पडला होता आणि तोंडाला आंबूस वास येत होता. थंडीमुळे त्याच दिवसापासून शाळा बंद झाल्या होत्या, त्यामुळे वेदिका घरी होती. तिनं पोटाला हात लावला आणि आईकडे पाहिलं.

"ये क्या हुआ?"

लतिकाला एकदम पटवर्धन काका आठवले. बाळकृष्ण पटवर्धन, गणपतीत मराठी मंडळींच्या आरतीला भेटलेले. औषध संशोधनाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं प्राण्यांची देखभाल केलेले, आता निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला जानकीपुरमला राहणारे. गुल्लूची गोष्ट ऐकून तेव्हा ते म्हणाले होते, काही लागलं तर या.

तिनं गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळली, वर गुल्लूला ठेवलं, सगळं पिशवीत घेतलं आणि दोघी निघाल्या. चारबागपर्यंत रिक्षा, तिथून वाटेत माणसं घेत जाणारा टेम्पो. धुक्यात टेम्पो बैलगाडीच्या गतीनं चालला होता. ड्रायव्हर मान बाहेर काढून रस्ता शोधत होता. वेदिका पिशवीत हात घालून बसली होती. दर थोड्या वेळानं लतिका विचारायची, "आहे?" आणि ती मान हलवायची. पिशवीतलं पाणी निवलं तेव्हा लतिकानं स्वेटर काढून त्यावर गुंडाळला. कुणीतरी शेजारून विचारलं, "मुर्गी है क्या, भाभीजी?" लतिकानं पिशवी आणखी जवळ ओढून घेतली.

पटवर्धन काका मफलर गुंडाळून दारातच भेटले. त्यांनी गुल्लूला स्टडीतल्या टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, तोंड उघडून वास घेतला.

"काय दिलंत याला?"

लतिकानं वेदिकाकडे पाहिलं नाही. "अंड्याचा बलक. दुधातून. चार-पाच वेळा."

"आणि हा जागा राहील एवढी ऊब सतत होती का?"

"बल्ब होता. पण लाइट जाते."

काकांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे लतिकाला जास्तच भरून आलं. "बाई, हा उपाशी नव्हता. हा झोपला होता. थंडीत हे प्राणी तीन-साडेतीन महिने निजतात, काही खात नाहीत. शेपटी बघा याची, भरलेली आहे. ती याची शिदोरी. ऊन नसलं की याचं पोट काम करत नाही. तुम्ही वरून घातलंत ते आत पडून आंबलं."

"मरेल का?"

"सांगता येत नाही. आता याला झोपवायचं नाही. पोट मोकळं होईपर्यंत ऊब द्यायची, दिवसा एका बाजूला चांगलं कडक गरम, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येईल. रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात, छातीच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. खायला काहीही नाही. एक पानसुद्धा नाही." मग ते जरा थांबले. "तुमचं काळीज मानणार नाही. तरी नाही."

परतीच्या टेम्पोत वेदिका एक अक्षर बोलली नाही.

पुढचे सहा दिवस घराचं सगळं वेळापत्रक त्या पेटीभोवती फिरलं. लाइट असली की बल्ब. गेली की चुलीवरचं पाणी पिशवीत. ऊन पडलंच तर गच्चीवर, मांजरापासून राखत. वेदिकानं ताप मोजायचा थर्मामीटर पेटीत ठेवला, तो बेचाळीसच्या वर जाऊ शकत नाही म्हणून मग विश्वासच्या सामानातला दुसरा शोधून काढला. परातीत कोमट पाणी घेऊन दोघी समोरासमोर बसायच्या. एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं पोटावरून हलका हात फिरवायचा. बोलणं कामापुरतं. "पानी ठंडा है." "थांब, घालते." बस.

लतिकाला जेवण जाईना. पोरगी आपल्याशी बोलत नाही हे एक, आणि पोरीचं बरोबर आहे हे दुसरं.

सहाव्या दिवशी दुपारी परातीतल्या पाण्यात गुल्लूनं अंग ताठ केलं आणि पोट मोकळं केलं. घाण वास सुटला. लतिका इतकी हलकी झाली की तिला हसू आलं. काकांनी नीट बघायला सांगितलं होतं, म्हणून तिनं काडीनं ते बाजूला केलं. पांढरट गोळे होते, ते अंड्या-दुधाचे. पण त्यांत काहीतरी तपकिरी, पातळ, कागदासारखं होतं. एक, दोन, चार. चण्याची सालं.

चणे तिनं दिले नव्हते.

तिनं वर पाहिलं. वेदिकाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"भिगोके दिए थे," ती म्हणाली. "संडे को, जब तुम सब्जी लेने गई थी. और उसके बाद भी. मुँह खोलके." आणि मग ती रडायला लागली, दबलेलं, हुंदके देत. "तुमने अंडा बताया, तो मैंने सोचा तुम्हारी वजह से हुआ. मैंने अंकल को नहीं बताया. मैं चुप रही."

लतिकाचे हात ओले होते. तिनं ते साडीला पुसले आणि पोरीला जवळ ओढलं. तिला राग यायला हवा होता, असं तिला वाटलं, आला नाही. सहा दिवस ही पोर हे एकटीनं वागवत होती.

"दोघींना एकच भीती होती," ती म्हणाली. "एकमेकींना सांगितलं असतं, तर निदान एकीनं तरी भिंतीवरचा कागद वाचला असता."

"पापा को बताओगी?"

"आपण दोघी सांगू."

गुल्लूचं पोट मऊ झालं. आणखी दोन दिवसांनी, काकांच्या सांगण्यावरून, त्यांनी बल्ब रोज थोडा थोडा वर घेतला आणि मग बंद केला. गुल्लू वाळूत शिरला. पेटी घरातल्या सगळ्यात थंड, पण कोरड्या आणि वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात गेली. दर पंधरा दिवसांनी वजन करायचं, ते दहाव्या हिश्श्यानं कमी झालं तरच धावत यायचं, एरवी पेटी उघडायची नाही, एवढंच काम उरलं. सोनाराच्या तराजूत गुल्लू दोनशे चाळीस ग्रॅम भरला. पंधरवड्यानं दोनशे अडतीस.

सांभाळण्याच्या सगळ्या कामांत हे काम लतिकाला सर्वांत जड गेलं. ती पेटीपाशी जायची, झाकणावर हात ठेवायची आणि परत यायची. विश्वास जानेवारीत आला तेव्हा दोघींनी त्याला सगळं सांगितलं. "मी फोनवर नीट ऐकायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं आणि एका सकाळी पेटीतून खरवडल्याचा आवाज आला. वेदिकानं झाकण काढलं. गुल्लू वाळूवर बसला होता, अंगावर वाळू, डोळे उघडे. लगेच खायला दिलं नाही. आधी दोन दिवस ऊन, मग बरसीमची तीन पानं. तिसऱ्या पानावर त्यानं तोंड मारलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सक्सेना जीप घेऊन आले. लुळा पाय तसाच होता, त्यामुळे त्याला मोकळं सोडता येणार नाही, केंद्राच्या आवारातच ठेवतील, असं ते म्हणाले. त्यांनी वजनाचा कागद पाहिला आणि लतिकाला विचारलं, सर्दियों में कोई तकलीफ तो नहीं हुई?

लतिका म्हणाली, "हुई थी. हमारी गलती से." आणि अंड्यापासून सुरुवात करून तिनं सगळं सांगितलं. चण्यांचं वेदिकानं स्वतः सांगितलं. सक्सेनांनी ते लिहून घेतलं, कारण पुढे ज्यांच्याकडे तो जाणार होता त्यांना ते माहीत असायला हवं होतं.

जीप वळणावर दिसेनाशी झाली. वेदिका काही वेळ फाटकापाशी उभी होती. मग म्हणाली, "आई, मला भूक लागलीय."

ती मराठीत बोलली, हे पोळ्या लाटायला बसल्यावर लतिकाच्या लक्षात आलं.