चौथ्या दिवसाचं तिकीट

सासऱ्यांना तिकीट मिळालं ते चौथ्या दिवसाचं, आणि त्याचा त्यांना कोण आनंद झाला होता. शहरात नऊ वर्षांनी कसोटी सामना होणार होता. क्रिकेट संघटनेने तारखा तीनदा बदलल्या, तिकिटांची खिडकी एकच दिवस उघडली आणि दोन तासांत बंद केली. निम्म्या जागा आधीच पाहुण्यांच्या नावे गेल्या होत्या. त्या रांगेत सासरे पहाटेपासून उभे होते. आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस, पायांची तक्रार त्यांनी कधी केली नाही. शेवटी हाती आलं ते पूर्वेकडच्या, छप्पर नसलेल्या स्टँडचं एक तिकीट.

"चौथा दिवसच बघायचा असतो," ते जेवताना म्हणाले. "तोवर पिच बोलायला लागलेलं असतं. काय जावईबापू?"

जावईबापूंनी नुसती मान हलवली. ते पिच त्यांच्याच हातचं होतं. बावीस वर्षं ते त्या मैदानाची खेळपट्टी करत होते आणि खेळाडूंपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना पिचमास्तर म्हणत. या सामन्यासाठी दोन महिने ते राबले होते. माती चाळून घेतली होती, रोज मोजून पाणी दिलं होतं, गवताची मुळं खाली घट्ट धरतील अशी काळजी घेतली होती. पहिल्या दिवशी वेगवान गोलंदाजांना थोडं, मग दोन दिवस फलंदाजांना, आणि चौथ्या दिवसापासून फिरकीला, असा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता.

सामन्याला आठ दिवस असताना संघटनेच्या सचिवांनी त्यांना वर ऑफिसात बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

"आजपासून पाणी बंद," सचिव म्हणाले. "गवत पूर्ण काढा. आणि दोन्हीकडे टप्पा पडतो तिथे तारेचा ब्रश मारा."

"साहेब, तिसऱ्या दिवशी फुटेल ते."

"फुटू दे की! मालिकेत मागे आहोत आपण. आपले फिरकीवाले गुंडाळतील त्यांना."

"साहेब, फुटलेल्या पिचवर आपल्यालाही बॅटिंग करायची आहे. आणि लोकांनी पाच दिवसांची तिकिटं घेतली आहेत."

सचिव हसले. "लोकांचं तुम्ही बघता की मी?"

मास्तरांनी धीर करून म्हटलं, "मग लेखी द्या साहेब."

"लेखी?" सचिवांनी चष्मा काढला. "नोकरी किती वर्षं राहिली तुमची?"

मास्तर खाली आले. दुपारभर रोलरच्या सावलीत बसून राहिले. संध्याकाळी उठले, गवत काढलं, आणि दुसऱ्या दिवशी गुडघे टेकून स्वतःच्या हाताने ब्रश मारला. हाताखालच्या माणसांना ते काम सांगायची त्यांना लाज वाटली.

घरी त्यांनी तोंड उघडलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, "अहो, तब्येत बरी आहे ना?" सासरे मात्र रंगात होते. उन्हासाठी जुनी टोपी धुऊन घेतली होती, सिमेंटच्या पायरीवर घालायला उशी शोधून ठेवली होती. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलंच, "पिच कसं झालंय?"

"चांगलं आहे मामा," मास्तर म्हणाले, आणि हात धुवायच्या निमित्ताने उठून गेले.

पहिल्याच दिवशी तेरा गडी पडले. दुसऱ्या दिवशी चेंडू पडला की धूळ उडायला लागली. आपल्या फिरकीवाल्यांनी समोरच्यांना गुंडाळलं खरं, पण समोरच्यांकडेही फिरकीवाले होते, आणि ते आपल्यापेक्षा सरस निघाले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच आपला संघ हरला. स्टँडमधून बाटल्या आल्या. अवजारांची पेटी उचलून आत जाणाऱ्या मास्तरांच्या कानावर स्पष्ट पडलं, "पिच केलं की नांगरलं रे?"

संध्याकाळी संघटनेचं निवेदन आलं. खेळपट्टी तयार करण्यात मैदान कर्मचारी कमी पडले, असं त्यात लिहिलं होतं. मास्तर वर गेले तर सचिव शांतपणे म्हणाले, "नाव घेतलंय का कुठे तुमचं? सोमवारपासून रजेवर जा. दोन-तीन महिन्यांत लोक विसरतात."

बावीस वर्षांत मास्तरांच्या पिचवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आता सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं होतं आणि वर गप्प बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जो चौथा दिवस असायचा त्या सकाळी, सासरे टोपी घालून, उशी बगलेत मारून निघाले.

"बाबा, कुठे? मॅच संपली ना," लेक म्हणाली.

"माझं तिकीट आजचं आहे," एवढंच बोलून ते गेले.

मास्तर मागोमाग गेले. पूर्वेच्या फाटकाशी तीस-चाळीस माणसं जमली होती. कुणाच्या हातात चौथ्या दिवसाचं तिकीट, कुणाच्या पाचव्या. बाहेरगावाहून आलेलं एक जोडपं पिशव्या घेऊन फुटपाथवर बसलं होतं. आतून कुणीतरी यावं, काहीतरी सांगावं, एवढीच सगळ्यांची मागणी होती; पण ऑफिसातून कुणी खाली येत नव्हतं. सासरे पहारेकऱ्याशी वाद घालत होते.

"तिकिटावर तारीख कुठली आहे? वाचा मोठ्याने."

"आजोबा, आत काही नाही बघायला."

"ते मी ठरवीन. मला माझ्या जागेवर बसू द्या."

पहारेकरी बिचारा रडकुंडीला आला होता. मास्तरांनी क्षणभर बघितलं. मग बाजूच्या, रोलर आत-बाहेर करायच्या फाटकाशी गेले आणि खिशातल्या किल्लीने ते उघडलं. "या," ते म्हणाले. "तिकीट असेल त्यांनी या."

माणसं मुकाट्याने आत शिरली आणि खरोखरच आपापला क्रमांक शोधून बसली. सासऱ्यांनी उशी घातली. समोर रिकामं मैदान, मधोमध ती तपकिरी, भेगाळलेली पट्टी. मास्तर त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले.

"मामा, हे मुद्दाम केलेलं आहे. मीच केलं. साहेबांनी सांगितलं म्हणून." आणि त्यांनी पाण्यापासून ब्रशपर्यंत सगळं सांगितलं.

सासऱ्यांनी मैदानावरची नजर काढली नाही. "कधी सांगितलं होतं त्यांनी?"

"सामन्याच्या आठ दिवस आधी."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

सासऱ्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तिथले लोक खोटं बोलतात ते मला चाळीस वर्षं माहीत आहे. घरात कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं."

मास्तरांना त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पुढच्या पायरीवरच्या एका बाईंनी हे ऐकलं होतं. त्या वळून म्हणाल्या, "अहो, मग आम्हालाही दाखवा ना काय केलंय ते." बघता बघता सगळे उठले. मास्तर त्यांना पट्टीपाशी घेऊन गेले. किल्ली मातीत खुपसून ती किती सहज जाते ते दाखवलं, ब्रशचे ओरखडे दाखवले, कुणाचा हुकूम होता तेही सांगितलं. दोघं-तिघं फोनवर चित्रण करत होते. तेवढ्यात सचिव तरातरा आले.

"यांना आत कुणी घेतलं?"

"मी," मास्तर म्हणाले. "तुम्ही पाणी बंद करायला सांगितलं होतंत की नाही साहेब? सांगा यांना."

 सचिवांनी फोन काढला आणि पोलिसांना बोलावलं. माणसं आली तशी बाहेर गेली. ते चित्रण दोन दिवस घरोघरी फिरलं, तिसऱ्या दिवशी नवीन संघ जाहीर झाला आणि लोक त्यावर भांडायला लागले.

तिकीटवाल्यांच्या चारशे सह्यांचं एक पत्र संघटनेकडे गेलं. उत्तर आलं नाही. मैदानावर दोन वर्षं सामना द्यायचा नाही असं वरून ठरलं, म्हणजे शिक्षा झाली ती पुन्हा बघणाऱ्यांनाच. सचिव पुढच्या निवडणुकीत बिनविरोध अध्यक्ष झाले.

मास्तरांकडे शिपाई कागद घेऊन आला. परक्या लोकांना आत घेतलं आणि भावनेच्या भरात खोटे आरोप केले, असं लिहून खाली सहीची जागा सोडली होती. सही केली तर कामावर परत.

तो कागद तीन दिवस टेबलावर पडून होता. बायको म्हणाली, "मी करा म्हणणार नाही, नको म्हणणार नाही. पण रोज ताटावर बसून त्याच्याकडे बघू नका."

तिसऱ्या दिवशी सासरे टेबलापाशी आले. महिनाभर ते जावयाशी कामापुरतं बोलत होते. जावईबापू हा शब्द तर तोंडून गेलाच होता. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, घडी घातली, परत ठेवला.

"मला विचाराल तर त्या दिवशी बोललात ते बरं केलंत," ते म्हणाले. "माझा राग वेगळा आहे. तो जाईल तेव्हा जाईल. त्यासाठी सही करायची किंवा न करायची गरज नाही."

मास्तरांनी सही केली नाही. करायची नाही असं काही त्यांनी छातीठोकपणे ठरवलं नव्हतं. पेन घेतलं की हात थांबे, इतकंच. आता ते एका कॉलेजच्या मैदानावर जातात. तिथली माती वाळूसारखी आहे, काही धरत नाही.

जायचा रस्ता जुन्या मैदानाच्या भिंतीला लागून जातो. परवा सकाळी आतून रोलरचा आवाज आला. जरा चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. मास्तर सायकलवरून उतरले. पट्टी ओली होती, माती रोलरला चिकटत होती आणि आतला माणूस दर थोड्या वेळाने थांबून ती खरवडत होता, हे त्यांना भिंतीबाहेरूनच समजलं. इतक्या ओलीवर रोलर फिरवायचा नसतो, एक दिवस ऊन खाऊ द्यायचं असतं. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मास्तर फाटकापर्यंत गेले. पहारेकरी नवा होता. त्याने विचारलं, "काय काम आहे?"

"काही नाही," मास्तर म्हणाले, आणि सायकल हातात धरून चालत पुढे गेले.