नमुना बोर्डावरचं भोक

"धर. आधी हातात धर, मग बोल."

झानताईंनी नाटकपेटी क्वांगच्या हातात कोंबली. पेटीच्या वीतभर पडद्यावर छाओचौ भागातलं संगीत नाटक चालू होतं आणि राणी गळा काढून रडत होती. राणीचं रडणं संपायच्या आत क्वांगने पेटी या हातातून त्या हातात घेतली, मग परत या हातात.

"नाचवतोस कशाला? तान्हं बाळ आहे का ते?"

"गरम आहे."

"गरम? भाजलेलं रताळं आहे ते! रताळं निदान खाता तरी येतं."

मागे वेताच्या खुर्चीत झानताईंचे वडील बसले होते. त्यांनी सदरा वर केला. बेंबीच्या वर लालभडक चट्टा उठला होता, बरोबर पेटीच्या पाठीएवढा. म्हाताऱ्यांची रीतच ती: पेटी पोटावर ठेवायची, नाटक लावायचं आणि दुसऱ्या अंकात घोरायला लागायचं. या पेट्या विकल्या जातात त्या त्यासाठीच.

"झोपेत होतो," म्हातारा म्हणाला. "स्वप्नात सून मला कढईत तळत होती."

"सून कुठली आली, बाबा? तुम्हाला मुलगाच नाही."

"म्हणून तर घाबरलो."

लाइनवर बसलेल्या बाया खुदकन हसल्या. झानताई हसल्या नाहीत. शेनचेन शहराच्या कडेला, शाजिंगमधल्या या तीन मजली कारखान्यात त्या वर्षानुवर्षं नाटकपेट्या करत होत्या आणि त्या पेट्यांच्या पोटात क्वांगच्या कंपनीची चिप असे. नखाएवढा तुकडा, पण चित्र, आवाज, हिशेब, सगळा संसार त्या एकाच तुकड्यात. आधी सात नंबरची चिप होती. गरीब गाईसारखी, कधी तापली नाही, कधी रुसली नाही. कंपनीने ती बंद केली आणि नऊ नंबर गळ्यात मारली. नऊ नंबरच्या पेट्या भरून गोदामात तयार होत्या, पुढच्या महिन्यात थोरामोठ्यांचा सण होता. लेकीसुना वडीलधाऱ्यांना पेटी भेट देतात तो हाच सण.

"आता सरळ सांग," झानताई म्हणाल्या. "तुझा तो फान फोनवर म्हणतो, कवच चुकलंय, हवा खेळत नाही, नवीन साचा करा. साचा करायला घेतला तर सण गेला. सण गेला तर दुकानदार दुसरीकडे गेले. मग मी पेट्या करू की बाबांबरोबर नाटकं बघत बसू? कवच चुकलंय का?"

क्वांग म्हणाला, "उघडून बघतो."

काय सांगायचं ते त्याला सकाळीच पढवून पाठवलं होतं. फान त्याचा साहेब, वयाने पंधरा वर्षांनी लहान, शांघायहून आलेला. माणूस गोड. तो क्वांगला 'गुरुजी' म्हणत असे. या धंद्यात ज्याला घालवायचं असतं त्याला आधी गुरुजी म्हणतात. पस्तिशी उलटली की माणूस शिळा. क्वांग शेहेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे त्यांच्या मोजमापाने कधीचा नासलेला.

"गुरुजी," फान बसपर्यंत सोडायला आला होता, "नमुना बोर्डावर माझी सही आहे, वर मोठ्या साहेबांची. बोर्ड चुकणं शक्य नाही. तुम्ही कवच बघा आणि कवचच बघा. ताईंचा तुमच्यावर विश्वास आहे. हे निस्तरलंत तर गाड्यांच्या चिपच्या विभागात तुमची खुर्ची पक्की, मी शब्द देतो."

"आणि नाही निस्तरलं तर?"

फान हसला. "तुम्हीच निस्तराल, गुरुजी."

क्वांगची बायको याहून सरळ बोलायची. "तोंड बंद ठेवायचा पगार देतात तुला," ती निघताना म्हणाली होती. "आयुष्यात एकदा तरी तो इमानदारीने कमव. पोरगी अजून शिकतेय."

त्याने पेटीचे चार स्क्रू काढले, कवच बाजूला केलं आणि बोर्ड उजेडात धरला.

मधोमध चिप. तिच्या डाव्या कुशीला एक गोल भोक. आगपेटीची काडी जाईल एवढं.

क्वांग हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय झालं रे? चिपने विनोद सांगितला का तुला?"

"ताई, हे भोक कशाला आहे, माहीत आहे?"

"भोक? भोक लागतं." झानताईंच्या आवाजात एकदम अदब आली. "भोकाशिवाय बोर्ड चालत नाही. बुजवलं तर माल मरतो. सगळ्या बाओआन भागात कोणालाही विचार."

खरंच होतं. कोणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. शेनचेनच्या धंद्याची रीतच तशी. चिपवाली कंपनी चिपबरोबर एक नमुना बोर्ड काढून देते, फुकट. आणि कारखानदार तो डोळे मिटून उतरवतात, अगदी रेघ न् रेघ. नमुन्यात जे आहे ते आहे, का आहे असं विचारणारा उपाशी मरतो, कारण तोवर शेजाऱ्याचा माल बाजारात गेलेला असतो. ज्याने पहिल्या वर्षी शहाणपणा करून भोक बुजवलं, त्याचा सगळा माल बंद पडला. पडला तो हलक्या शिसे-कथलाच्या डागामुळे, पण बोभाटा भोकाचा झाला. त्यानंतर भोकाला कोणी हात लावला नाही. एक पट्ठ्या तर त्यात लाल दोरा ओवत असे.

सात नंबरचा तो पहिला नमुना क्वांगने काढला होता. तेव्हा कंपनी म्हणजे चुहायमधल्या मासळीबाजारावरची एक भाड्याची खोली आणि सहा माणसं. टेबल एकच. त्यावर जेवायचं, त्यावरच झोपायचं, त्यावरच डाग द्यायचे. बोर्ड ठेवायला जागाच नसे. म्हणून क्वांगने भिंतीत खिळे ठोकले आणि बोर्ड खिळ्याला अडकवता यावा म्हणून त्यात भोक पाडलं.

बस. एवढंच. खिळ्यासाठी.

बाकी पाच जण पुढे श्रीमंत झाले, मोठे साहेब झाले किंवा सोडून गेले. कंपनी बावीस मजली काचेच्या इमारतीत गेली. काचेच्या भिंतीत खिळा ठोकता येत नाही. भोक मात्र राहिलं. या वसंतात नऊ नंबरचा नमुना मोठ्या पडद्यावर दाखवला, तेव्हा क्वांग मागच्या रांगेत बसला होता. त्याला भोक दिसलं. नव्या पोरांनी जुन्या नमुन्यावरून तेही उतरवलं होतं. शेनचेनवाल्यांना हसणारे हे पदवीधर, पण नक्कल तीच. आणि क्वांगने काय केलं? गप्प बसला. पोरगं शिकून मोठं झाल्यावर बापाची छाती फुगावी, तशी त्याची फुगली. एका भोकाने!

पण नऊ नंबर तापट. तिची उष्णता बोर्डातल्या तांब्याच्या थरातून पसरत बाहेर जायला हवी. भोकाभोवती तांबं ठेवत नाहीत. शिवाय नव्या बोर्डावर चिप थोडी सरकली होती, त्यामुळे भोक आलं होतं उष्णता जायच्या ऐन वाटेवर. अरुंद बोळाच्या तोंडाशी कोणी खाट टाकून निजावं, तसं.

"ताई, तांब्याची पट्टी आहे? आणि डाग द्यायची सळई?"

"भोक बुजवणार?" झानताई मागे सरकल्या. "एकाच पेटीचं बुजव हं."

त्याने भोकाच्या अल्याडपल्याडचा हिरवा लेप खरवडला, आतलं तांबं उघडं केलं आणि वरून पट्टी डागून टाकली. लाइनवरच्या बायांनी हात थांबवले होते. एकीने तर डोळे मिटून घेतले. त्याने कवच लावलं, तेच चुकलेलं म्हणतात ते कवच, आणि बटण दाबलं.

राणी पुन्हा रडायला लागली.

"चाललं," डोळे मिटलेली बाई म्हणाली, पण डोळे तिने उघडले नाहीत.

"द्या इकडे," म्हातारा म्हणाला.

"बाबा, आधीचा चट्टा गेला नाहीये."

"चट्टा माझा, पोट माझं. दे."

पेटी पोटावर ठेवून म्हातारा मागे रेलला. जेवणाची वेळ झालीच होती. झानताईंनी क्वांगसमोर कालवांचं धिरडं ठेवलं आणि चहाचं सामान काढलं. झानताई मूळच्या छाओचौच्या, आणि छाओचौची माणसं चहाला तीनच कप मांडतात, माणसं दोन असोत की पाच. आणि कप कसले, बोंडल्याएवढे. एक त्यांनी उचलला, एक क्वांगने, तिसरा वाफ सोडत बसला.

पहिला अंक संपला. दुसऱ्यात प्रधानाने विष कालवलं. क्वांग धिरडं चिवडत राहिला. राणी विषाच्या पेल्याला हात घालणार इतक्यात खुर्चीतून घोरण्याचा आवाज आला.

झानताईंनी उठून वडिलांच्या पोटावरच्या पेटीला हात लावला. मग पोटाला. परत येऊन बसल्या.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या. "मांजर बसल्यासारखं. आता बोल. कवच की बोर्ड?"

क्वांगने कपाकडे पाहिलं. अजूनही म्हणता आलं असतं, की कवचही जरा घट्टच आहे, दोन्हीकडे थोडंथोडं. असं बोलणारी माणसं त्याने बावीस मजले भरून पाहिली होती. त्यांच्या खुर्च्या शाबूत होत्या. तोही इतकी वर्षं तेच तर बोलत आला होता.

"बोर्ड," तो म्हणाला. "कवचाला काही झालेलं नाही. आमचा नमुनाच चुकलाय. आणि ते भोक माझं आहे, ताई. खिळ्याला अडकवायला पाडलं होतं."

"कसला खिळा?"

"भिंतीतला. जागा नव्हती."

झानताईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी दर नव्या मालाच्या वेळी भोकाला उदबत्ती ओवाळते."

"माहीत नव्हतं."

"गाढवा!" त्या ओरडल्या. "एकदा सांगता येत नव्हतं? इतकी वर्षं एका खिळ्याची पूजा केली मी!" म्हातारा जागा होईल म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. "हे तू त्या फानला सांगशील? माझ्यादेखत?"

क्वांगने फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"गुरुजी! कवचच ना?"

"कवच ठीक आहे. भोक बुजवा, तांबं सलग करा. आणि ताईंच्या गोदामातला सगळा माल कंपनीच्या माणसांनी येऊन दुरुस्त करायचा. पट्टी डागली की काम होतं, सणाच्या आत आटपेल."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग, "तुम्ही हे कोणासमोर बोलताय?"

"जिच्या बापाचं पोट भाजलं तिच्यासमोर."

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय करताय?" आवाज अजून गोडच होता. "गुरुजी, मी शब्द दिला होता."

"तो परत घ्या. आणि गुरुजी म्हणू नका, फानसाहेब. मी तुम्हाला काही शिकवलेलं नाही. शिकवलं असतं तर भोक तेव्हाच बुजलं असतं."

फोन बंद झाल्यावर झानताईंनी तिसरा कप, थंड झालेला, ओतून टाकला. नवा भरला आणि क्वांगपुढे सरकवला.

"खा ते धिरडं," त्या म्हणाल्या. "कालवं थंड झाली की रबर होतात."

पुढचं सगळं सभ्यपणे झालं. कंपनीची माणसं शाजिंगला जाऊन डाग देऊन आली. नमुना बदलला, नवे बोर्ड निघाले. चूक कोणाची यावर एक बैठक झाली, तीत चूक नसून सुधारणा झाली असं ठरलं. क्वांगला काढलं असं कोणी म्हटलं नाही. त्याला निरोप देण्यात आला. पोरांनी दुधाचा थंड चहा मागवला, फानने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. इमारतीच्या दाराने त्याचा चेहरा ओळखणं मात्र त्याच दुपारी बंद केलं. छत्री आत राहिली होती, ती पहारेकऱ्याने आणून दिली.

बायको पहिले काही दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "निदान एकदा तरी तोंड उघडलंस. वेळ चुकीची निवडलीस, पण उघडलंस." आणि त्याला भाजी निवडायला बसवलं.

सणाच्या सकाळी झानताईंकडून पार्सल आलं. नवीकोरी नाटकपेटी. सोबत वाळवलेली कालवं आणि फोनवर आवाजातला निरोप: "क्वांग, सण साधला. बाबा म्हणतात आता पेटी फार गार लागते, थंडीत काय करायचं? नव्या बोर्डाची आहे ती, बिनभोकाची. तू अजून थोरामोठ्यांत मोडत नाहीस, पण नोकरी नाही, म्हणजे म्हाताराच. पोटावर ठेव."

बायको भात उपसत होती. क्वांगने सवयीने आधी स्क्रू काढले.

बोर्ड सुरेख होता. चिपच्या डाव्या कुशीला आता सलग, गुळगुळीत हिरवं अंग. भोक कुठे होतं ते शोधूनही सापडलं नसतं.

पण सापडलं. नेमक्या त्या जागी शाईचा एक लाल ठिपका होता. छापलेला नव्हता, हाताने दिलेला. कडा किंचित फुटल्या होत्या, जसा घाईत, लाइन चालू असताना, एकामागून एक शेकडो बोर्डांवर देताना फुटतो. भोक नसलेला माल पुढे सरकवायची कोणा बाईची छाती झाली नव्हती.

क्वांगने ठिपक्यावर अंगठा ठेवला. शाई वाळलेली होती.

त्याने कवच लावलं, चारी स्क्रू पिळले, खाटेवर आडवा झाला आणि पेटी पोटावर ठेवली. राणीने रडायला सुरुवात केली.